ताण निघून गेला म्हणे

२०१८ च्या नोव्हेंबरपासून आमच्या भागात एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकू आलं की मी मनातल्या मनात पुढचे शब्द पुरे करतो. "बारीक बारीक धक्के येतायत ते बरंच आहे. ताण निघून जातो. मोठा नाही यायचा आता." चहाच्या टपरीवर, पालघर-मनोर एसटीत, लग्नाच्या पंगतीत, आणि व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका. सांगणारा कधी रिटायर्ड मास्तर असतो, कधी तारापूर एमआयडीसीतला सुपरवायझर, कधी आमच्या घरातलंच कुणीतरी (नाव लिहीत नाही, ते हे वाचतात). सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर जाणकाराचं समाधान असतं आणि ऐकणाऱ्यालाही हायसं वाटतं.

आज या वाक्याबद्दल जरा सविस्तर लिहायचंय. कारण हे अडाणीपणाचं वाक्य नाही, ही चक्क एक थिअरी आहे. प्रेशर कुकरची थिअरी म्हणा. शिट्ट्या होत राहिल्या की वाफ जाते, कुकर फुटत नाही. जमिनीच्या पोटात ताण साठतो हे खरं. धक्क्यात तो थोडा सुटतो हेही खरं. दोन खऱ्या गोष्टींतून तिसरी, खोटी गोष्ट किती सहज निघते त्याचा हा नमुना आहे.

बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. आमचं मासवण सूर्या नदीच्या काठी. वसई-विरारला जे सूर्येचं पाणी जातं ते इथूनच उचललं जातं. इथून उत्तरेला सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटरवर डहाणू-तलासरीचा पट्टा आहे. धुंदलवाडी, हळदपाडा ही नावं तुम्ही बातम्यांत ऐकली असतील. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथे धक्के सुरू झाले आणि थांबेचनात. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ रिश्टरचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून बाहेर पळताना पडून एक दोन वर्षांची मुलगी गेली. त्याच वर्षी जुलैत, भर पावसात, रात्रीच्या धक्क्याने घर कोसळून एक माणूस गेला. थंडीत लोक तंबूत झोपले, शाळा उघड्यावर भरल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने, म्हणजे एनजीआरआयने, भूकंपमापक आणून बसवले आणि धक्क्यांची नोंद हजारांत गेली. त्यातले बहुतेक तीनच्या खालचे. चारच्या वरचे बोटांवर मोजण्याइतके.

आता कुकरच्या थिअरीचा हिशेब मांडू. अवघड नाही, सातवीतल्या पोराला जमेल असा आहे.

रिश्टरच्या आकड्यात एकाने वाढ म्हणजे बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट. दोनाने वाढ म्हणजे हजार पट. म्हणजे ६ रिश्टरच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बारीक धक्क्यांतून 'निघून जायची' असेल तर ४ रिश्टरचे हजार धक्के यायला हवेत. ३ रिश्टरचे तीस हजारांहून जास्त. २ रिश्टरचे, जे फक्त यंत्राला आणि फारच हलक्या झोपेच्या माणसाला कळतात, ते दहा लाख. पालघरच्या सगळ्या धक्क्यांची बेरीज केली तरी ती या आकड्यांच्या जवळपासही जात नाही. शिट्टी होते खरी, पण त्या शिट्टीतून कुकरमधली वाफ नखभरही कमी होत नाही.

मोठा भूकंप येणारच, असं मी म्हणत नाहीये हं. एवढंच म्हणतोय की 'बारीक आले म्हणून मोठा येणार नाही' हे वाक्य आकडेमोडीत टिकत नाही.

आणि या वाक्याने माणसं दगावल्याचा इतिहास आहे. इटलीत लाक्विला नावाचं जुनं शहर आहे. २००९ च्या सुरुवातीला तिथे कित्येक आठवडे बारीक धक्के येत होते, अगदी आपल्या डहाणूसारखे. लोक हवालदिल झाले म्हणून ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. त्याच सुमाराला एका वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्याने टीव्हीवर सांगितलं की ऊर्जा सतत बाहेर पडतेय, ही उलट अनुकूल गोष्ट आहे. म्हणजे आपलीच थिअरी, इटालियन भाषेत. त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या रीत होती की रात्री धक्का बसला की पोराबाळांना घेऊन चौकात जाऊन बसायचं. ६ एप्रिलच्या रात्री मोठ्याच्या आधी धक्का बसला तेव्हा अनेकजण घरातच थांबले. नंतर ६.३ चा भूकंप आला आणि तीनशेहून अधिक माणसं गेली. २०१२ मध्ये सातजणांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा जगभर ओरड झाली की भूकंप सांगता आला नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंगात टाकतात की काय. पण खटल्याचा गाभा भाकित चुकल्याचा नव्हता, दिलासा दिल्याचा होता. २०१४ मध्ये वरच्या कोर्टात सहा शास्त्रज्ञ सुटले, आणि तो दिलासा देणारा अधिकारी मात्र कमी शिक्षेवर का होईना, दोषीच राहिला.

इटली लांब वाटत असेल तर किल्लारी घ्या. १९९३ च्या अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, ३० सप्टेंबर. हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, किल्लारीत बारीक धक्क्यांची मालिका येऊन गेली होती हे किती जणांच्या लक्षात आहे? त्यातला सर्वात मोठा चारच्या आसपासचा. लोक घाबरले, मग धक्के विरले, लोक घरात झोपायला लागले. आणि वर्षभराने सुमारे आठ ते दहा हजार माणसं, बहुतेक झोपेतच.

मग किल्लारीवरून असा निष्कर्ष काढायचा का, की बारीक धक्के आले की वर्षभरात मोठा येतो? तोही नाही काढता येत! १९८३ मध्ये शहापूरकडे भातसा धरणाच्या परिसरात धक्के सुरू झाले होते, पाचच्या जवळपास जाणारा एक बसला आणि ते प्रकरण तिथेच विरलं. अशा विरलेल्या मालिका जगभर कितीतरी आहेत. त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही, म्हणून त्या आपल्या डोळ्यासमोर नसतात, एवढंच.

इथे खरी गोची आहे. भूकंपाचा खडक ही अशी व्यवस्था आहे की जिच्यात हजार गोष्टी एकदम चालू असतात, जिच्यात आवाज फार आहे, आणि जिचा प्रयोग परत करता येत नाही. 'आवाज' शब्दशः घ्या. आमच्या भागात यंत्र बसवलं की त्यात दगडखाणीतला सुरुंग येतो, हायवेवरचा ट्रेलर येतो, पश्चिम रेल्वेची मालगाडी येते. त्यातून खालचा धक्का वेगळा काढायचा. आणि परत करता न येण्याचं तर काय सांगावं. एकदा फाटलेला खडक शिवून, ताण होता तसा भरून, 'चला, आता त्या दिवशी पाऊस नव्हता असं समजून पुन्हा बघू' असं कोणाला करता येणार? एका जागी एकच खेळ होतो, तोही तिकिटावर वेळ न छापता.

याची तुलना पावसाशी करून बघा. वसंत गोवारीकरांच्या काळात, १९८८ पासून, हवामान खातं सोळा घटकांच्या सूत्रावरून मान्सूनचा अंदाज सांगायचं. तेही एका महाप्रचंड गोंधळाचं सोपं केलेलं रूपच होतं. बरीच वर्षं निभावलं, २००२ ला सपशेल पडलं. अंदाज नेहमीसारख्या पावसाचा आणि पाऊस जवळजवळ एकोणीस टक्के कमी. २००३ मध्ये सूत्र बदललं. म्हणजे पावसाची थिअरी दरवर्षी जूनला परीक्षेला बसते आणि सप्टेंबरला निकाल लागतो. भूकंपाच्या थिअरीचा निकाल लागायला कधीकधी पाचशे वर्षं लागतात. तोवर थिअरी सांगणारा निवांत!

म्हणून मग सोपी थिअरी करूच नये का? माझं मत अगदी उलट आहे. इतक्या गुंत्यात सोपी थिअरीच हाताशी येते. सगळे घटक धरणारी थिअरी करायची तर ती त्या खडकाएवढीच मोठी होईल आणि तेवढीच न कळणारी. प्रश्न सोपेपणाचा नाहीच. तिने काय काय सोडून दिलंय हे ती सांगते का, आणि जो प्रश्न तिने घेतलाय त्याच्या बाहेर पाऊल टाकते का, एवढाच प्रश्न आहे.

दोन उदाहरणं देतो, दोन्ही मला फार आवडतात.

जपानात १८९१ ला नोबीचा प्रचंड भूकंप झाला. फुसाकिची ओमोरी नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने त्यानंतरचे धक्के मोजले, नुसते मोजले, आणि १८९४ मध्ये मांडलं की मुख्य धक्क्यानंतर जितके दिवस जातील त्या प्रमाणात रोजचे धक्के कमी होतात. दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या साधारण दहावा हिस्सा, शंभराव्या दिवशी शंभरावा. झालं. खडक कोणता, खोली किती, फट कुठल्या दिशेची, काही विचारायचं नाही. आणि गंमत म्हणजे शंभर वर्षांनी तिथलेच धक्के मोजले तरी ते त्याच रेषेवर बसत होते. दुसरं उदाहरण गुटेनबर्ग आणि रिश्टर या जोडीचं, कॅलिफोर्नियातलं, १९४४ चं. एखाद्या मोठ्या प्रदेशात ५ रिश्टरचा एक झाला तर तेवढ्याच काळात ४ चे साधारण दहा, ३ चे शंभर, २ चे हजार. बस्स.

यात ओमोरी काय सोडतो? पुढचा धक्का कधी, हे सोडतो. गुटेनबर्ग-रिश्टर काय सोडतात? कुठे आणि कधी, दोन्ही. ते फक्त 'किती' सांगतात. घोळक्याबद्दल बोलतात, एकट्याबद्दल गप्प बसतात. हे गप्प बसणं मला त्यांचा मोठा गुण वाटतो.

(मघाच्या हिशेबाला या दुसऱ्या नियमाची जोड द्या. एका मोठ्यामागे दहा लहान, पण प्रत्येक लहानात ऊर्जा बत्तिसावा हिस्सा. म्हणजे खालच्या प्रत्येक पायरीवर एकूण ऊर्जा वरच्या पायरीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. अगदी तळापर्यंत सगळ्या लहानांची बेरीज केली तरी ती एका मोठ्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. कुकरच्या थिअरीचा निकाल इथेच लागतो.)

पण याच नियमांना आपल्या डहाणूत आणलं की अडचण येते. ओमोरीचं घड्याळ सुरू व्हायला आधी मुख्य धक्का लागतो. इथे मुख्य असा धक्काच नाही, नुसती रांग. शास्त्रज्ञ याला झुंड म्हणतात. आता ती रांग कुणाच्या आधीची आहे की स्वतःच सगळं आहे, हे ती चालू असताना ओळखता येत नाही. संपल्यावर येतं.

आता जरा तांदळाकडे वळतो, कारण विषय सोडून नाही. १९८७ मध्ये पेर बाक, चाओ तांग आणि कर्ट वीसेनफेल्ड या तिघांनी वाळूच्या ढिगाची कल्पना मांडली. ढिगावर एकेक कण टाकत राहा. ढीग आपोआप अशा उताराला येतो की पुढचा एक कण कधी काहीच करत नाही, कधी चार कण घसरवतो आणि कधी अख्खी बाजू खाली आणतो. कण तोच, पडणारी घळ लहान की मोठी ते आधी सांगता येत नाही. पण लहान घळी किती आणि मोठ्या किती, याचं प्रमाण मात्र गुटेनबर्ग-रिश्टरसारखं निघतं. कागदावर आणि कॉम्प्युटरवर. लोक वेडे झाले. भूकंप, शेअर बाजार, ट्रॅफिक जाम, सगळ्याला वाळूचा ढीग लावायला लागले.

मग कोणीतरी खरी वाळू घेऊन बसलं आणि खरी वाळू काही तशी वागेना. १९९६ मध्ये ओस्लोच्या मंडळींनी वाळूऐवजी तांदूळ घेतला. लांब दाण्याच्या तांदळाचा ढीग थिअरीप्रमाणे वागला, गोलसर दाण्याचा वागला नाही! म्हणजे जी थिअरी म्हणत होती की कणाच्या तपशिलाने फरक पडत नाही, तिला दाण्याच्या आकारानेच गाठलं. आपल्या खळ्यात भाताची रास घातलेल्या कुठल्याही बाईने हे त्यांना फुकट सांगितलं असतं, की वाडा कोलमची रास आणि जाड भाताची रास एकसारखी उभी राहत नाही. (तिला नोबेल मिळालं नसतं, तेव्हा या मंडळींनाही मिळालेलं नाही, हिशेब बरोबर.) तरीही ती थिअरी मी टाकून देणार नाही. 'कण लहान होता म्हणून घळ लहानच असेल' या समजुतीला तिने कायमचा धक्का दिला, आणि तेवढं काम पुष्कळ आहे.

आमच्याकडे लोकांच्या स्वतःच्याही थिअऱ्या आहेत आणि त्यांना हसायचं काही कारण नाही. कोणी म्हणतं खाणीतले सुरुंग, कोणी म्हणतं अणुभट्टी, कोणी म्हणतं धरण. यातली धरणाची, म्हणजे पाण्याची थिअरी सर्वात वजनदार, कारण तिच्यामागे कोयना आहे. शिवाजीसागर भरायला लागला १९६१-६२ च्या सुमारास, परिसरात धक्के वाढले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला. दीड-दोनशे माणसं गेली. तेव्हापासून कोयनेच्या त्याच लहानशा टापूत पाचच्या वरचे वीसहून अधिक धक्के येऊन गेलेत आणि पावसाळ्यानंतर तलाव भरला की हालचाल वाढते हे अनेकदा दिसलंय. पाणी खडकाला ताण 'देत' नाही. ताण आधीचाच असतो. पाणी फटींत शिरून दाब वाढवतं आणि दोन बाजूंची एकमेकींवरची पकड सैल करतं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रेंजली इथे १९७० च्या आसपास तेलाच्या विहिरींत पाण्याचा दाब वाढवून आणि कमी करून बारीक धक्के चक्क चालू-बंद करून दाखवले होते. म्हणजे ही सोपी थिअरी परीक्षेला बसून पास झालेली आहे.

पालघरच्या मालिकेबद्दलही झिरपणारं पावसाचं पाणी हे एक कारण संशोधकांनी मांडलेलं आहे. पटण्यासारखं आहे. पण लगेच पुढची उडी मारू नका. महाराष्ट्रात मोठी धरणं हजाराहून जास्त, कोयना एकच. पाऊस तर सगळ्या कोकणात पडतो. पाणी चावी असेल, पण कुलूप कुठे आहे ते पाण्याला विचारून कळत नाही.

आणि नकाशा? शाळेच्या भिंतीवर रंगीत पट्ट्यांचा भूकंप-नकाशा असतो ना, तीही एक सोपी थिअरीच. मागे जिथे झाले तिथे पुढे होतील, ही. कोयनेचा भाग आधी जवळजवळ निर्धोक मानला होता, १९६७ नंतर रंग बदलला. किल्लारी सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं, १९९३ नंतर पुढच्या आवृत्तीत तो सर्वात कमी धोक्याचा पट्टाच रद्द झाला. नकाशा वाईट नाही, पण त्यातला फिकट रंग म्हणजे 'इथे होणार नाही' असं वाचू नये. 'इथे झालेलं आम्हाला माहीत नाही' असं वाचावं.

आता माझं खरं गाऱ्हाणं. धक्क्यांच्या त्या पहिल्या हिवाळ्यात लोक एकच प्रश्न विचारत होते, 'मोठा येणार का?' आणि त्यांना दोनच उत्तरं मिळत होती. एक, 'घाबरू नका'. दुसरं, आपली कुकरची थिअरी. तिसरं उत्तर होतं आणि ते सांगता आलं असतं. कॅलिफोर्नियातल्या दीर्घ अनुभवावरून असं दिसतं की एखादा धक्का बसला की पुढच्या काही दिवसांत त्याहून मोठा येण्याची शक्यता साधारण शंभरात पाच असते. पाच! हा आकडा फार अवघड जागी बसलाय. यावर गाव रिकामं करता येत नाही, कारण शंभरातल्या पंच्याण्णव वेळा लांडगा आला रे आला होईल. आणि यावर निर्धास्त झोपताही येत नाही. पण धुंदलवाडीच्या माणसाला हे कळलं नसतं असं मला अजिबात वाटत नाही. जो माणूस पावसाच्या भरवशावर राब भाजतो, रोपं टाकतो, त्याला शंभरात पाच म्हणजे काय ते एसी केबिनमध्ये बसणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला आकडा न देता धीर दिला गेला, आणि धीराला एक दिवसाचंही आयुष्य नसतं. पुढच्या धक्क्याला तो संपतो.

'कधी'चं उत्तर मागायचा मोह मोठमोठ्यांना झालाय. कॅलिफोर्नियात पार्कफील्ड नावाचं खेडं आहे. तिथे १८५७ पासून साधारण बावीस वर्षांच्या अंतराने सहाच्या आसपासचे भूकंप झाले होते. इतकं सुरेख कोष्टक बघून १९८५ मध्ये अधिकृत भाकित केलं गेलं की १९९३ च्या आत पुढचा येणार. यंत्रांचं जाळं लावून लोक बसले. तो आला २००४ च्या सप्टेंबरमध्ये. अकरा वर्षं लेट. मुंबई लोकलसुद्धा एवढी लेट नसते.

म्हणून मी घरात असा आग्रह धरलाय की 'कधी' सोडा, 'कोणती भिंत' हे विचारा. याची थिअरी इतकी सोपी आहे की न्यूटनपासून बदललेली नाही. जमीन हलली की भिंतीवर येणारा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात. जड छप्पर, जड भिंत, जास्त जोर. भिंतींचे कोपरे एकमेकांत बांधलेले नसतील तर प्रत्येक भिंत एकटी उभी, आणि एकटी भिंत आडवी पडते. किल्लारीत मारलं ते मातीत रचलेल्या दीड-दोन हात जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या मातीच्या माळवदांनी. डहाणू-तलासरीकडची जुनी कारवीच्या कुडाची घरं या हिशेबात उलट बरी. कूड हलतो, वाकतो, लिंपणाचे पोपडे पडतात. धोका नंतरच्या 'पक्क्या' घरांचा. चार इंची विटांची भिंत, ना कॉलम, ना पट्टा, वर छप्पर नुसतं ठेवलेलं. या थिअरीला भूकंपाची तारीख लागत नाही. ताण निघून गेला की नाही, हेही लागत नाही. आणि ही गोष्ट अगदी छापील आहे. सरकारी मानकांत, आयएस ४३२६ आणि कमकुवत बांधकामासाठीचं आयएस १३८२८, आकृत्यांसकट दिलेलं आहे की दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींतून फिरणारा सलग पट्टा हवा, कोपऱ्यांत सळ्या हव्यात.

मासवणचं आमचं जुनं घर विटांचं, वर कौलं, पट्टा नाही. आत्या तिथे एकटी राहते. घराला पट्टा करायचा विषय मी गेल्या दिवाळीत काढला तेव्हा दादा म्हणाला, "अरे, ते तिकडे डहाणूला. एवढ्या वर्षांत आपल्याकडे साधी कपाची दांडी तुटली नाही. आणि आता तर तिकडेही कमी झालंय, ताण निघून गेला." वहिनीने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पोळ्यांना गेली. दादाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. तीस-पस्तीस किलोमीटर अंतर म्हणजे काही थोडं नाही, चारच्या धक्क्याने आमची भिंत पडणार नाही हे मलाही मान्य. पण सहाच्या धक्क्याला ते अंतर फारसं वाटत नाही. आणि इथल्या जमिनीखाली काय आहे याबद्दल आमच्यापाशी असलेला एकमेव पुरावा म्हणजे आजोबांच्या काळापासून काही झालं नाही, हा. किल्लारीच्या लोकांकडेही नेमका हाच पुरावा होता.

आत्याने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. "पट्टा करायला घर पाडावं लागतं का?" नाही लागत. उभ्या भिंतीला छपराच्या खाली आणि लिंटलच्या पातळीला दोन्ही बाजूंनी लोखंडी जाळी ठोकायची, भिंतीतून आरपार तारेने एकमेकींना बांधायची आणि वर सिमेंटचा पट्टा ओढायचा. किल्लारीनंतर मराठवाड्यात जी बावन्न गावं नव्याने वसवली त्यांच्याबद्दल सगळे बोलतात, पण त्याहून कितीतरी जास्त घरं तिथे जागच्या जागी अशाच तऱ्हेच्या उपायांनी मजबूत करायची होती.

गवंड्याला बोलावून आकृती दाखवली. त्याने बराच वेळ कागद उलटसुलट केला आणि म्हणाला की जाळी त्याने टाकीला मारलीय, घराला कधी मारली नाही, पण काम तेच आहे. फक्त मागच्या पडवीची भिंत मूळ घराला जोडलेलीच नाही, ती नंतरची आहे, तिचा कोपरा आधी बांधून घ्यावा लागेल. तिथेच आत्याची खाट असते. पावसाळा संपला की पहिला तो कोपरा घेतोय. खर्चाचे तीन हिस्से केलेत, दादाने त्याचा हिस्सा कालच पाठवला. सोबत मेसेज होता, 'थिअरी मान्य नाही, पण आत्या मान्य आहे.'